हिरव्या दिव्याचा कौल

विहित नियमाचे तंतोतंत पालन केले म्हणजे मनुष्य आपल्या कर्तव्यातून मोकळा होतो काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतका जुना आहे आणि कोर्टाच्या आवारात तर तो रोज नव्या वेषात उभा राहतो. अपघात झालेल्या कारखान्याचा मालक म्हणतो की निरीक्षकाचा दाखला आमच्यापाशी आहे. खचलेल्या पुलाचा कंत्राटदार म्हणतो की निविदेत लिहिले होते तेवढे सिमेंट आम्ही घातले. दोघेही कदाचित् खरेच बोलत असतात, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनात काही सलत राहते. हे सलणे कशाचे, याचा विचार आम्ही येथे एका नव्या क्षेत्राच्या आधाराने करणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे संगणकाचे सॉफ्टवेअर तयार करण्याचा उद्योग, आणि त्यातही त्या उद्योगाने आपल्या दाराशी बसविलेला यांत्रिक तपासनीस. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे येथील कित्येक वाचकांची मुले-मुली पुण्यास, बंगळुरास वा हैदराबादेस या धंद्यात आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘पाइपलाइन’, ‘स्कॅन’, ‘गेट’ हे शब्द आले की वडील मंडळी मान डोलवितात आणि जेवणाचा विषय काढतात. तेव्हा प्रथम ही वस्तू काय आहे, ते सांगणे अवश्य आहे.

एखादी मोठी संगणकप्रणाली एका हाताने लिहिली जात नाही. दहा-वीस, कधी शेकडो माणसे तिचे निरनिराळे भाग लिहितात व रोज त्यांत फेरफार करतात. प्रत्येक फेरफार मुख्य संहितेत सामील होण्यापूर्वी काही यांत्रिक पायऱ्यांवरून नेला जातो. या पायऱ्यांच्या साखळीला बिल्ड पाइपलाइन म्हणतात. प्रथम त्या मजकुराचे यंत्राला चालविता येईल अशा रूपात रूपांतर होते. मग लिहून ठेवलेल्या चाचण्या, म्हणजे ‘टेस्ट’, चालविल्या जातात. त्यानंतर येतो आमचा तपासनीस. तो प्रणाली चालवून पाहत नाही, नुसती वाचतो. छापखान्यातील मुद्रितशोधक जसा कथेच्या रसात न गुंतता कंस कोठे उघडा राहिला एवढेच पाहतो, तसा. किंमत न देता वापरलेली संज्ञा, उघडून बंद न केलेली फाईल, परक्याने टंकलेला मजकूर न गाळता थेट विदासंचयाकडे पाठविणे, तेच ते दहा ओळींचे प्रकरण दोन ठिकाणी उतरविणे, असे शेकडो दोष तो नियमांच्या आधारे हुडकतो. सापडलेल्या दोषांचा हिशेब पूर्वी ठरविलेल्या मर्यादांशी ताडला जातो. हिशेब जमला तर पडद्यावर हिरवी खूण. नाही तर तांबडी, आणि फेरफाराला आत प्रवेश नाही. या मर्यादांच्या संचाला ‘क्वालिटी गेट’ असे नाव आहे.

या तपासनिसाचा मूळपुरुष १९७८ सालचा. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील प्रणाली तपासण्यासाठी ‘लिंट’ हे साधन लिहिले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारे बारीक तंतू, जे झटकून टाकावयाचे. आज या कामात पुष्कळ प्रचारात असलेल्या एका साधनाचे नाव सोनारक्यूब असे आहे. नावातील ‘सोनार’चा आमच्याकडील सोनाराशी काही संबंध नाही, पण योगायोग अर्थपूर्ण आहे. कान टोचावा तर सोनारानेच, असे आपण म्हणतो. घरच्या माणसाने टोचला तर रक्त निघते, शिवाय भांडण. हाताखालचा नवशिका आपल्या वरिष्ठास ‘आपली ही ओळ चुकीची आहे’ असे आपल्या समाजात तरी सहसा म्हणू शकत नाही. यंत्र ते म्हणते. त्याला पगार नाही, बढती नाही, कोणाची भीड नाही. प्रमुखाची ओळ आणि कालच रुजू झालेल्या मुलीची ओळ त्याच्यापुढे सारख्याच. व्यक्तीचे राज्य जाऊन नियमाचे राज्य यावे, ही जी आम्हां वकिलांची आवडती आकांक्षा, ती या लहानशा प्रांतात पुष्कळ अंशी सफल झालेली दिसते. यंत्राची निंदा करावयास आम्ही बसलो आहोत असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून हे आधी सांगितले.

टोचण्याची वेळही महत्त्वाची असते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला आहे, तो मनोवेधक आहे. त्यांचे ‘इन्फर’ नावाचे यंत्र प्रारंभी रात्री सर्व मजकूर तपासून दोषांची यादी करीत असे व ती यादी लिहिणाऱ्यांच्या हवाली केली जाई. दुरुस्तीचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. मग तोच इशारा, फेरफार सादर करून सहकाऱ्यांच्या नजरेखाली घालण्याच्या घटकेस, त्या ओळीपाशीच दाखविण्याचे ठरविले. दुरुस्तीचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेले. माणसे तीच, यंत्र तेच. गूगलमध्येही, निरर्थक वाटणारे इशारे दहा टक्क्यांच्या आत राहिले पाहिजेत असा दंडक आहे, कारण ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट यंत्रालाही लागू पडते. नवे यंत्र बसवून पहिल्याच दिवशी जुन्या संहितेतील हजारो दोषांची यादी मुलांच्या टेबलावर आपटणारे व्यवस्थापक या दोन्ही गोष्टींपासून काही शिकतील तर बरे.

आता या तपासनिसाची दृष्टी कोठवर पोहोचते ते पाहू. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आपल्या फोनांसाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित संवादाची तपासणी करणाऱ्या भागात ‘येथून बाहेर पडा’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा उतरली होती. दुसरी ओळ कोणत्याही अटीविना अमलात येई, त्यामुळे पुढची खरी तपासणी कधी होतच नसे, आणि समोरचा तोतया असला तरी ‘ठीक आहे’ असे उत्तर मिळे. ज्या ओळींपर्यंत प्रणाली कधी पोहोचूच शकत नाही, अशा ओळी यंत्राला सहज दिसतात. माणसाच्या डोळ्याला त्या दिसत नाहीत, कारण डोळा लिहिलेले वाचीत नाही, अपेक्षित असलेले वाचतो. दोनच महिन्यांनी, त्या वर्षीच्या एप्रिलात, ओपनएसएसएल या जगभर वापरात असलेल्या साधनातील ‘हार्टब्लीड’ नामक दोष उघडकीस आला. समोरच्याने ‘इतकी अक्षरे परत पाठवा’ म्हणून जो आकडा सांगितला, तो न पडताळता तेवढी अक्षरे, शेजारच्या गुपितांसह, पाठवून दिली जात. हा दोष दोन वर्षे उघड्यावर होता. माणसाने तो तपासला होता आणि यंत्रेही ती संहिता वाचीत होती. कोणालाही तो दिसला नाही. तेव्हा हिरव्या खुणेचा खरा अर्थ, ‘मला जे विचारले त्याविषयी मला काही सांगावयाचे नाही,’ एवढाच आहे. ‘येथे दोष नाही’ हा अर्थ आपण आपल्या पदरचा घालतो.

परंतु न दिसणे हा यंत्राचा अपराध नव्हे, आणि आमचा प्रश्नही तो नाही. आमचा प्रश्न ज्या घटनेत नीट उभा राहतो, ती याहून जुनी आहे आणि तिच्यात यंत्राने दोष पाहिला होता.

डेबियन ही लिनक्स प्रणालीची एक जगन्मान्य आवृत्ती आहे. स्वयंसेवक तिची निगा राखतात आणि असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. वर उल्लेखिलेले ओपनएसएसएल तिच्यातही आहे. बँकेशी वा कचेरीशी चाललेला आपला संवाद तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून ज्या गुप्त किल्ल्या लागतात, त्या हे साधन घडविते. किल्ली घडवावयाची तर मुळात कोणालाही अंदाज करता येणार नाही अशी अनिश्चितता हवी. हे साधन ती ठिकठिकाणांहून गोळा करून जणू एका भांड्यात ओतीत व ढवळीत असे. २००६ साली वॅलग्रिंड नावाच्या यंत्राने तक्रार केली. हे यंत्र संहिता नुसती वाचणारे नसून चालत्या प्रणालीवर पाळत ठेवणारे आहे, पण आमच्या मुद्द्यास तो फरक बाधक नाही. तक्रार अशी की, ज्या जागेत अद्याप काही लिहिलेले नाही ती जागा येथे वाचली जात आहे. तक्रार शब्दशः खरी होती. तिचा रोख दोन ओळींकडे होता व त्या दोन्ही दिसावयास जवळजवळ सारख्या होत्या. एक ओळ गाळली असती तर काही बिघडले नसते. मूळ कर्त्यांनी त्या ओळीभोवती, अशा तपासणीच्या वेळी ती वगळता यावी म्हणून, तशी सोयही करून ठेवली होती. दुसरी ओळ मात्र भांड्यात अनिश्चितता ओतणारीच ओळ होती. निगा राखणाऱ्या स्वयंसेवकाने दोन्ही ओळी बंद केल्या. तक्रार थांबली.

सप्टेंबर २००६ पासून डेबियनवर व तिच्यापासून निघालेल्या उबुंटूवर घडविलेल्या किल्ल्यांत अनिश्चितता म्हणून उरला तो केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याची मजल ३२,७६८ च्या पलीकडे नाही. ज्या कुलपाला कल्पनेतही न मावणाऱ्या संख्येने किल्ल्या संभवावयाच्या, त्याच्या किल्ल्या आता एका तालुक्याच्या गावातील माणसांइतक्या झाल्या. एखाद्याने सर्व घडवून ठेवाव्यात आणि एकेक लावून पाहावी. हे १३ मे २००८ रोजी जाहीर झाले. मधल्या काळात सर्व काही सुरळीत चालू होते. किल्ल्या बनत होत्या, दारे उघडत होती, लागत होती.

या कथेत खलपुरुष नाही, आणि म्हणूनच ती नीतीच्या विचारास उपयोगी आहे. त्या स्वयंसेवकाने आळस केला नाही. ओळी बंद करण्यापूर्वी त्याने मूळ कर्त्यांच्या पत्रव्यवहारात जाहीरपणे विचारणाही केली होती. ज्यांनी उत्तर दिले त्यांनी हरकत घेतली नाही. दोष शोधणे सोपे होणार असेल तर काढावे, असाच सूर निघाला. मग चुकले काय? आम्हांस वाटते, येथे कृत्य आणि कृत्याचे वर्णन यांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडमधील तत्त्वज्ञ एलिझाबेथ ॲन्स्कम यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात हे तत्त्व मांडले आहे की, मनुष्य एकच कृत्य एका वर्णनाखाली हेतुपुरस्सर करतो, आणि दुसऱ्या वर्णनाखाली तेच कृत्य त्याच्या हेतूत नसते. त्या स्वयंसेवकाने ‘तक्रार मिटविली’. प्रत्यक्षात त्याने ‘अनिश्चितता ओतणे थांबविले’. हात एकदाच हलला, वर्णने दोन. पहिले वर्णन यंत्राने आयते पुरविले होते. दुसरे शोधावे लागले असते, आणि विचारणा करणारा व उत्तर देणारे, सगळेच पहिल्या वर्णनात बोलत होते. यंत्राचा दरवाजा आपल्याला आळशी करतो असे लोक म्हणतात. तो आळशी करो वा न करो, आपण काय करीत आहोत हे ज्या शब्दांत आपण स्वतःला सांगतो ते शब्द तो बदलतो, आणि आमच्या मते हा परिणाम अधिक खोल आहे.

हीच गोष्ट आकड्यांत रोज घडते. सोनारक्यूबबरोबर जी मूळची मर्यादा येते तीत नव्या मजकुरापैकी निदान ८० टक्के ओळी चाचण्यांखाली आलेल्या असाव्यात व पुनरावृत्ती ३ टक्क्यांहून अधिक नसावी, अशा अटी आहेत. हेतू उत्तम. पण चाचणीने एखादी ओळ नुसती चालविली आणि तिच्या उत्तराकडे ढुंकूनही पाहिले नाही, तरी ती ओळ ‘चाचणीखाली आली’ असेच मोजले जाते. शुक्रवारची संध्याकाळ आहे, गिऱ्हाईक खोळंबले आहे, आकडा ७६ वर अडला आहे. अशा वेळी हुशार तरुण अशा पोकळ चाचण्या तासाभरात लिहून देतो आणि दिवा हिरवा होतो. त्याला विचारा, तो म्हणेल, ‘कव्हरेज वाढविले.’ खोटे नाही. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाविषयी हेच म्हटले होते की, माप नियंत्रणासाठी वापरावयास घेतले की ते माप म्हणून ढासळते. प्रणालीतील गुंतागुंत मोजण्याची रीत १९७६ मध्ये देणारे टॉमस मॅकेब यांनी दहा ही मर्यादा सुचविताना, तीत काही जादू नाही, असेही बजाविले होते. दहाचा आकडा सर्वत्र गेला. बजावणी मागे राहिली.

गोव्यातील व कोकणातील देवळांत कौल लावण्याची चाल वाचकांस परिचित आहे. मूर्तीच्या अंगावर पाकळ्या चिकटवितात, प्रश्न घालतात, आणि उजवी पडली की डावी यावरून अनुकूल-प्रतिकूल ठरते. श्रद्धेचा भाग आम्ही आदराने बाजूस ठेवतो. पण कौल मिळाला म्हणून शेताचा दावा लावणारा गृहस्थ, दावा हरल्यावर खर्चाचा हुकूम देवाच्या नावाने काढा असे न्यायाधीशास म्हणत नाही. प्रश्न त्याने विचारला, कसा विचारावा हे त्याने ठरविले, दावाही त्यानेच लावला. आणि मनासारखी पाकळी पडेतो तोच प्रश्न पुन्हा पुन्हा घालणाऱ्यास गाव हसणारच. सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत मात्र हे दिवसाढवळ्या चालते. काही चाचण्या लहरी असतात, एकदा नापास झाल्या तर दुसऱ्यांदा पास होतात. तेव्हा हिरवे येईपर्यंत बटण दाबीत राहावयाचे. कोणी हसत नाही.

आता मुभेविषयी. प्रत्येक तपासनिसाला गप्प बसविण्याची सोय असते व ती असलीच पाहिजे, कारण त्याच्या तक्रारी कित्येकदा गैरलागू असतात. ओळीच्या कडेस एक ठरावीक शब्द लिहिला की त्या ओळीपुरते यंत्र मौन पाळते; किंवा यादीत ‘तक्रार चुकीची’ अशी खूण करता येते. आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो हा लहानसा शब्द, कारण यंत्राच्या राज्यात माणसाचा निर्णय येथे उमटतो. आणि बहुतेक ठिकाणी तो कारणाशिवाय उमटतो. १९९० साली एस. एन. मुखर्जी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व सांगितले की, न्यायनिर्णयाचा अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्यानेही, कायद्याने सूट दिली नसेल तर, आपल्या निर्णयाची कारणे नोंदविली पाहिजेत. यंत्राची तक्रार फेटाळणारा तरुण लहानसा का होईना, निर्णयच देत असतो. त्याने नाव लिहावे आणि कारण लिहावे. कारणही तक्रारीविषयीचे नव्हे, ओळीविषयीचे. ‘इशारा निरर्थक’ हे कारण नाही. ‘ही ओळ अमुक काम करते, आणि ती अशीच असणे आवश्यक आहे, किंवा ती काढल्याने अमुक थांबेल व ते थांबलेले चालेल’ हे कारण आहे. डेबियनच्या त्या दोन ओळींपैकी दुसरीविषयी असे एक वाक्य लिहावयाचे ठरते, तर लेखणी मध्येच थांबण्याचा संभव होता. थांबलीच असती असे आम्ही म्हणत नाही.

यावर आक्षेप असा येईल, आणि तो आमच्याच धंद्यातून येईल, की कारणेही साच्याची होतात. ‘सर्व परिस्थितीचा साकल्याने विचार करून’ या शब्दांनी सुरू होणारे आणि कसलाही विचार न केलेले किती हुकूम आम्ही वाचले आहेत! प्रतिज्ञापत्रांविषयी तर न बोललेले बरे. आक्षेप खरा आहे. तथापि साच्याचे कारण लिहिणारा मनुष्य खोटे लिहितो. ते त्याचे खोटे असते, त्यावर त्याची सही असते, आणि उद्या त्याला त्याविषयी विचारता येते. कारणाविना गप्प केलेली तक्रार मात्र कोणाचीच कृती राहत नाही. मर्यादा समितीने ठरविली, यंत्राने तपासले, दिवा हिरवा झाला, माल रवाना झाला. या वाक्यांत कर्ता शोधून पाहावा.

कायद्याने या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. इंग्लंडात १९८४ च्या कायद्याचे कलम ६९ असे होते की, संगणकाचा कागद पुराव्यात आणावयाचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ही अट जाचक म्हणून १९९९ च्या कायद्याने ती रद्द केली, आणि यंत्र नीट चालत होते असे गृहीत धरण्यात येऊ लागले. त्याच सुमारास तेथील पोस्ट खात्यात ‘होरायझन’ ही हिशेबाची प्रणाली बसत होती. तिने दाखविलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या तुटींवरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्टचालकांना गुन्हेगार ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार बुडाले. २०२१ मध्ये अपील कोर्टाने एकाच निकालाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि २०२४ मध्ये उरलेल्यांसाठी पार्लमेंटला कायदा करावा लागला. ‘यंत्र नीट चालत होते’ यावर सही करणारा कोणी समोर असता तर त्याला पिंजऱ्यात उभे करून प्रश्न विचारता आले असते. आपल्याकडे, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, यंत्राचा प्रभारी व एक तज्ज्ञ अशा दोघांच्या सहीचे प्रमाणपत्र लागते. त्याच्या किचकटपणाविषयी बारच्या खोलीत पुष्कळ कुरकुर चालते. आमचा कौल त्या किचकटपणाच्या बाजूने आहे.

आणि ज्यांना अजून वाटते की सर्व धंद्याने मान्य केलेली मर्यादा पाळली म्हणजे झाले, त्यांनी अमेरिकेतील १९३२ चा टी. जे. हूपर या ओढबोटीचा निकाल पाहावा. १९२८ च्या मार्चमध्ये कोळशाने भरलेली तराफी ओढून नेताना वादळ आले व तराफी बुडाली. वादळाचा इशारा रेडिओवर दिलेला होता. बोटींवर चालू स्थितीतील रेडिओ नव्हता. बचाव असा की, असा रेडिओ ठेवण्याची त्या धंद्यात रूढी नाही. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी हा बचाव मानला नाही. पुरेशी काळजी कशास म्हणावे हे शेवटी धंद्याची रूढी ठरवीत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे.

सॉफ्टवेअरच्या पुरवठ्याचे करारनामे अलीकडे आमच्याकडे तपासावयास येतात, त्यांत ‘माल क्वालिटी गेटमधून उत्तीर्ण झालेला असेल’ असे कलम हटकून असते. त्याच्या शेजारी आम्ही दुसरे एक कलम सुचवितो: उत्तीर्णतेच्या अहवालाबरोबर, गप्प केलेल्या सर्व तक्रारींची यादी, प्रत्येकीपुढे कारण व नाव यांसह द्यावी, आणि मर्यादा मधल्या काळात खाली आणली असल्यास ती कोणत्या दिवशी व कोणाच्या हुकमाने आणली तेही लिहावे. पहिल्या कलमावर पुरवठादार हसतमुखाने सही करतात. दुसऱ्यावर बोलणी चालू होतात, आणि ती बहुधा नावाच्या रकान्यापाशी येऊन अडतात. तेथे आम्ही कागद पुढे सरकवून थांबतो.